गाडी काहून विकून राहिले

जुनी गाडी विकायला काढली की येणारा माणूस आधी टायरला लाथ मारतो, मग दार उघडून बंद करून पाहतो, मग चहा घेतो, आणि चहाचा शेवटचा घोट घेता घेता विचारतो, "गाडी काहून विकून राहिले?" टायर, दार, चहा ही सगळी नुसती तयारी असते. आमच्या नागपुरातल्या नंदनवनच्या घरी त्या उन्हाळ्यात जे जे गाडी बघायला आले, त्या सगळ्यांनी हा प्रश्न विचारला आणि त्या सगळ्यांना मी खोटं सांगितलं.

खरं कारण साधं होतं. माझ्या नवऱ्याला दिसेनासं झालं होतं. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. गाय आडवी आली तर ती बंपरला येऊन टेकल्यावर कळायची. आमच्याच फाटकाला त्यानं आमचीच गाडी घासली आणि फाटकाला शिव्या घातल्या. तो एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला आणि म्हणाला, "थेंब देल्ले टाकाले, बाकी काही नाही." मग एक दिवस दवाखान्यातून पुढची तारीख द्यायला फोन आला, तो मी उचलला. फोनवरची मुलगी सहज म्हणाली, "काका गाडी चालवत नाहीत ना आता? काचबिंदू आहे, सर गाडीला नाहीच म्हणाले आहेत." मी म्हटलं, "नाही नाही, कुठली गाडी." आणि नवरा त्या वेळी गाडी घेऊन भाजी आणायला गेला होता. तो परत येईपर्यंत मी फाटकाशी उभी राहिले, आणि आल्यावर त्याच्या हातातून पिशवी आणि किल्ली दोन्ही घेतली.

किल्ली मी कणकेच्या डब्यात लपवली. पण हे त्याच्याशी बोलायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. त्याला कारण होतं. त्याचे वडील भिवापूरला शेती करत, आणि शेवटची वर्षं त्यांना काहीच दिसत नव्हतं. नवऱ्यानं मला एकदाच सांगितलं होतं की बाबांना डोळे गेल्याचं एवढं दुःख नव्हतं. दुःख याचं होतं की येणारा-जाणारा त्यांच्यासमोर उभा राहून त्यांच्या बायकोला विचारायचा, "बुढा जेवला का?" बाबा खाटेवर बसून ऐकत असायचे. मिरचीच्या भावातलं ज्यांना सगळा गाव विचारायचा, त्यांना कोणी "जेवले का" हेसुद्धा थेट विचारेना. हे सांगताना नवऱ्याचा आवाज जसा झाला होता तसा मी परत कधी ऐकला नाही. तेव्हा गाडी जायला हवी होती, आणि का जाते आहे हे गल्लीला कळायला नको होतं.

मी म्हटलं, "ही गाडी फार खाली आहे. उतरताना माझी कंबर धरते. विकून टाकू." वाटलं होतं आठवडाभर धुसफूस चालेल. तो म्हणाला, "हो, विकून टाकू." एवढंच. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आता गाडीबद्दल सांगते, कारण ती साधी गाडी नव्हती. नवरा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. जन्मभर स्कूटर चालवली, तीही तिसऱ्या गिअरच्या पुढे नाही. आणि निवृत्तीनंतर हा माणूस उमरेडच्या एका कोळसा वाहतुकीच्या ठेकेदाराकडून काळीभोर, लांबलचक, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स सेडान घेऊन आला. मला न विचारता. जुन्या महागड्या गाडीला पुसणारं कोणी नसतं, म्हणून ती आमच्यासारख्यांच्या हाती लागते. तिला सुपरचार्जर होता. म्हणजे इंजिनावर बसवलेला एक पंप, इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा, तो इंजिनात हवा कोंबतो. चुलीला फुंकणी लावली की जाळ उसळतो, तशी ती गाडी उसळायची. मी पहिल्यांदा बसले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी माझी चप्पल मागच्या सीटवर जाऊन पडली होती.

आणि तो पंप कण्हायचा. वेग घेतला की गिरणी सुरू व्हावी तसा चढता आवाज निघायचा. उमरेडच्या ठेकेदाराला म्हणे त्या आवाजाचंच वेड होतं. आमच्या नवऱ्याला मात्र तो बिघाड वाटला. तरी त्यानं सहन केलं. पुढे पुतण्याच्या लग्नात वरातीच्या मागे ही गाडी लावली, तिनं एकदा आवाज काढला आणि घोडी नवरदेवासकट घराकडे परत फिरली. मंडपात नवरी उभी आणि नवरदेव उलट्या दिशेला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, पंपाचा पट्टा काढून नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा नुसता आवाज करते, याचं काही काम नाही." गाडी गप्प झाली. सोबत तिच्यातला जीवही गेला. उमरेड रोडवर एस.टी. आम्हाला मागे टाकायची आणि आतले लोक वाकून बघायचे. नवरा खूश. "आता कशी शहाण्यावानी चालून राहिली," म्हणायचा. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा कायमचा लागून राहिला, तो डोळ्यांवर येतो म्हणाला, म्हणून मी माझी एक टिकली त्यावर लावून टाकली.

अशी ती गाडी. दरसाल भिवापूरच्या शेतातली लाल मिरची तिच्या डिकीतून घरी यायची. एक पोतं डिकीत, एक मागच्या सीटवर. पुढच्या सीटवर मी.

पहिला आला तो प्लायवूडच्या दुकानाचा मालक. भला माणूस. त्यानं डॅशबोर्डवरची टिकली पाहिली, तिला देवीचं काही समजून हात जोडले, आणि मग चहा घेताना प्रश्न टाकला. मी म्हटलं, "मुलगा पुण्याला आहे ना, त्याच्याकडे चाललो आम्ही कायमचे." माझ्या मते हे उत्तम कारण होतं. यात गाडीचाही दोष नाही आणि माणसाचाही. मी बशा उचलायला आत गेले, तेवढ्यात त्यानं अंगणात नवऱ्याला तेच विचारलं, आणि नवऱ्याचं उत्तर मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"पेट्रोल लय पिते गा. आता डिझेलची पाहून राहिलो."

प्लायवूडवाला कळवतो म्हणाला आणि गेला. मी बाहेर येऊन म्हटलं, "आपण डिझेलची कधीपासून पाहतोय?" तो म्हणाला, "आन आपण पुण्याले कधीपासून जाऊन राहिलो?" मला वाटलं, माझं खोटं सांभाळून घ्यायला तो आपलं एक बोलला असेल. त्यालाही तसंच काही वाटलं असणार. ते एकदा बोलून मोकळं करायला हवं होतं, पण चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही बोलायच्या गोष्टी तेवढ्या बोललो नाही.

दुसरा एका व्यायामशाळेचा मालक होता, आपल्या दोन पहिलवानांना घेऊन आलेला. दुपारचं ऊन मी म्हणत होतं, म्हणून बसल्या बसल्या त्यांनी एसी पूर्ण लावला. अनेक वर्षांची भिवापुरी मिरची एसीच्या जाळ्यांत बसलेली होती. ती सगळी एका दमात बाहेर आली. गाडी चौकापर्यंतही गेली नाही. चारी दारं उघडून तिघं धिप्पाड गडी रस्त्यावर ओणवे झाले होते आणि शिंकत होते. मी तांब्याभर पाणी घेऊन धावले. डोळे पुसत, नाक ओढत त्या मालकानं तेवढ्यातही विचारलंच, "काकू, विकून काहून राहिले?" मी म्हटलं, "माझी कंबर." नवरा म्हणाला, "आमच्या इथं पार्किंगचा प्रॉब्लेम." गाडी त्या वेळी आमच्याच शेडमध्ये उभी राहायची, शेजारी आणखी एक गाडी मावेल एवढी जागा सोडून.

इकडे पुण्याची बातमी प्लायवूडच्या दुकानातून निघून गल्लीत पोचली. दूधवाला विचारू लागला की किती तारखेपर्यंत दूध घालू. घर भाड्यानं द्यायचं का, हे विचारायला दोन जण येऊन गेले, त्यातल्या एकानं न्हाणीघराची लांबी पावलांनी मोजली. आणि मग शेजारीणबाईंनी मला संध्याकाळी घरी बोलावलं. गेले तर गल्लीतल्या सगळ्या बायका बसलेल्या. माझी ओटी भरली, साडी दिली, आणि गाडीत उपयोगी पडेल म्हणून पाच कप्प्यांचा भलामोठा स्टीलचा डबा दिला. एकजण रडली. मी काय बोलणार? मीही रडले. मला खरंच वाईट वाटत होतं, फक्त ते पुण्यामुळे नव्हतं. घरी आले तर नवरा डब्याकडे बघून म्हणाला, "चांगला हाय. आता जावंच लागते."

तिसरा प्लॉटचे व्यवहार करणारा होता, आणि त्याची नजर पोलिसाची होती. तो येण्याआधीच गल्लीत चौकशी करून आला होता. बाई म्हणते पुणं, बुवा म्हणतो डिझेल, मग कंबर, मग पार्किंग. त्यानं गाडीत डोकं घातलं. समोर लिंबू-मिरची टांगलेली. डॅशबोर्डवर टिकली. आणि आत सुक्या मिरचीचा असा वास की जणू कोणी बसून रोज दृष्ट काढत असावं. त्यानं हळूच डोकं बाहेर काढलं. चहा घेतला नाही. जाताना फाटकाशी मला म्हणाला, "काकू, पहिला मालक गाडीतच गेला का?"

दोन दिवसांत ही बातमी पुण्याच्या बातमीच्या पुढे गेली. गाडीत कोणीतरी मेलं आहे आणि हे लोक तोडगे करून थकले आहेत. शेडच्या बाजूनं जाताना बायका पदर सावरू लागल्या. ही बातमी उमरेडला कशी पोचली देव जाणे, पण पोचली, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या दारात एक ट्रक थांबला. त्यातून उमरेडचा ठेकेदार उतरला, पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात सोन्याची साखळी. भर गल्लीत उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला, "मी जित्ता आहो. पाहून घ्या सगळ्यायनं." लोक गच्चीवर आले. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला. मग आत येऊन दोन बशा पोहे खाल्ले, त्यामुळे उरलेल्यांचीही खात्री पटली.

निघताना आपल्या जुन्या गाडीला भेटावं म्हणून त्यानं किल्ली मागितली. मी कणीक झटकून दिली. त्यानं गाडी सुरू केली, पाय दाबला, आणि त्याचा चेहराच उतरला.

"हिचा आवाज कुठं गेला?"

बॉनेट उघडून तो कितीतरी वेळ आत बघत राहिला. "पट्टा कुठं हाय गा?"

नवऱ्यानं अभिमानानं त्याला गच्चीवर नेलं. "फेकला नाही, वापरून राहिलो." आमच्या कुलरची खसची एक बाजू सारखी निसटायची. ती पट्ट्यानं आवळून, वर काठी पिळून घट्ट बसवली होती. इतके उन्हाळे सुपरचार्जरच्या जोरावर आमचा कुलर चालला होता, असं म्हणायला हरकत नाही. ठेकेदार बिचारा कठड्यावर बसला. त्यानं स्वतः नागपूरच्या बाजारातून नवा पट्टा मिळवला, मिस्त्रीला समोर उभं करून बसवून घेतला, आणि इंजिन पहिल्यांदा कण्हलं तेव्हा डोळे पुसले. ते मिरचीमुळे असेल. टिकलीखालचा दिवा विझला. टिकली मी राहू दिली.

चौथी आली ती एक बाई. पस्तिशीची असेल, विमानांच्या इंजिनांवर काम करते म्हणाली. टायरला लाथ मारली नाही. बॉनेट उघडायला लावलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत उभी राहिली. मग एकटीच एक चक्कर मारून आली. आली तेव्हा हसत होती, आणि दोनदा शिंकली. तिला गाडी हवी होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझ्या जिवात जीव आला. आता एकदाचं हे सुटणार, असं वाटलं.

ती ओसरीवर बसली. चहा प्यायली. आणि कप खाली ठेवून नवऱ्याकडे वळून म्हणाली, "काका, एवढी चांगली गाडी काहून विकून राहिले तुम्ही?"

"अगं, माझी कंबर," मी म्हटलं, "आणि मुलगा पुण्याला, त्यात ह्यांना डिझेलची..."

"तू थांब वं," नवरा म्हणाला. रागानं नाही. "मले विचारलं तिनं."

मी थांबले.

"मले दिसत नाही," तो म्हणाला. "समोर दिसते, बाजूचं गेलं. डॉक्टरनं चालवू नको म्हटलं, तरी मी चालवली. एक दिवस शाळेच्या रस्त्यावर एक लेकरू सायकल घेऊन बाजूनं निघालं. ते मले दिसलंच नाही. ते ओरडलं म्हणून कळलं. त्याले काही झालं नाही. त्या दिवशीच ठरवलं. हिले सांगतलं नाही, भिऊन जाईल म्हणून. हे कंबर म्हणाली तं मले बरंच झालं."

मला त्याच्याकडे बघवेना. मी त्याच्यापासून लपवत होते ते त्यानं माझ्यापासून लपवलं होतं, आणि मधल्या मधे आम्ही पुणं, डिझेल, कंबर आणि पार्किंग असा अख्खा संसार मांडला होता. पण त्याहून मला दुसरंच टोचलं. तिनं प्रश्न त्याला विचारला होता. तो शेजारी बसला होता. आणि उत्तर मी देत होते. भिवापूरच्या खाटेजवळ उभं राहून लोक करायचे तेच मी माझ्या ओसरीवर करत होते, वर त्यालाच जपते आहे असं समजून. मला फार शरम वाटली.

ती बाई "बिचारे" वगैरे काही म्हणाली नाही. तिनं त्यालाच विचारलं, "काका, पट्टा कोणत्या कंपनीचा टाकला?" त्यानं सांगितलं. मग दोघं बॉनेटपाशी जाऊन बराच वेळ बोलत उभे राहिले. मी बशा उचलल्या.

कागद झाल्यावर ती गाडी न्यायला आली. नवरा फाटकाबाहेर उभा राहून हातवारे करत होता, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या," आणि ती त्याच्या हातांप्रमाणे वळवत होती, मागचा सगळा रस्ता तिला आरशात दिसत असूनही. डिकीत मी पाव किलो मिरची ठेवली होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळली. मला दिसायची बंद झाली. मी आत वळले, पण नवरा उभाच होता.

"दुकानापाशी पोचली," तो म्हणाला. लांबून तो कण्हण्याचा आवाज चढत होता. "आता मोकळा रस्ता लागला तिले. पाय द्याले लागली पोट्टी." मग बऱ्याच वेळानं, "गेली." ज्या आवाजासाठी त्यानं पट्टा काढून कुलरला बांधला होता, तोच तो कान देऊन शेवटपर्यंत ऐकत राहिला. मी त्याच्या बाजूला, जिकडून त्याला दिसत नाही त्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि त्याच्या दंडाला हात लावला, म्हणजे त्याला कळावं.

ओसरीवर बोललेलं कुंपणापलीकडे जातंच. संध्याकाळी शेजारीणबाई फाटकाशी आल्या. चेहरा पार पडलेला. नवरा अंगणात खुर्चीवर बसला होता, त्यांच्यापासून दोन हातांवर. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आवाज खाली केला आणि मला विचारलं, "ताई, भाऊजींले बिलकुलच दिसत नाही का वं?"

माझ्या तोंडापर्यंत उत्तर आलं होतं. दिलं असतं तर तेवढ्यावर निभावलं असतं. मी म्हटलं, "हे काय, इथेच बसलेत. त्यांनाच विचारा."

त्या गोंधळल्या. पण विचारलं. खुर्चीकडे तोंड करून, त्याच्या समोर येऊन, नीट विचारलं.

"दिसते ना वहिनी," नवरा म्हणाला. "तुमी देल्लेला डबा दिसून राहिला, पाच कप्प्यायचा. वापस पाहिजे काय?"

"ठेवा ना भाऊजी," त्या म्हणाल्या. आणि मग जायच्या ऐवजी पायरीवर टेकल्या आणि यंदा भिवापूरची मिरची कशी आहे, घ्यावी का थांबावं, हे त्याला विचारू लागल्या.